उताराखाली माणूस नको

सपाटीवरचं गवत काय, कुणीही सोम्यागोम्या कापेल. दवाखान्यामागचा उतार कापून दाखवा, मग मिशीला पीळ भरा. हे गवत्याचं ठरलेलं बोलणं, आणि ऐकायला कुणी असो वा नसो, तो ते बोलायचाच. त्याचं खरं नाव कुणाला आठवत होतं की नाही देव जाणे. सिस्टर, मावश्या, वॉचमन, सगळे त्याला गवत्या म्हणायचे आणि तोही निमूट ओ द्यायचा. उभी हयात त्यानं गवतात काढली. आधी विळ्यानं, मग खांद्याला लटकवायच्या मशीननं, आणि केस पिकायला लागल्यावर दवाखान्यानं बसून चालवायची गाडी घेतली, तेव्हा तिच्यावर. गाडी आली त्या दिवशी स्वारी इतकी हरखली होती, की घरी येऊन जेवायचंही विसरली.

दवाखाना लांबलेल्या दुखण्यांचा. इथं माणसं महिनोन् महिने राहायची. इमारतीच्या मागे जमीन एकदम चढत जायची. वर पाण्याची टाकी आणि थोडी सपाटी, खाली सिमेंटची वाट, वाटेला लागून विटांची भिंत. सकाळी त्या वाटेवर पेशंटना उन्हाला बसवत. मधला सगळा उतार गवताचा, आणि त्यावर राज्य गवत्याचं.

त्याचे नियम घरात त्याच्या बायकोलाही पाठ होते. बिचारी करणार काय, रोज जेवताना तेच कानावर यायचं. उतारावर गाडी सरळ चढवायची आणि सरळ उतरवायची. मध्येच चाक वळवलं, गाडी आडवी झाली, की उलटलीच समज. दव वाळल्याशिवाय उतारावर गाडी काढायची नाही. गाडी घसरायला लागली तरी पाय खाली टेकायचा नाही, गाडीही जाते आणि पायही जातो. आणि एक वेळ बाकीचं विसरा, पण उताराखाली माणूस नको.

"झालं का तुमचं गवतपुराण?" बायको म्हणायची. "ताटातलं गार झालं. त्या गाडीशीच लग्न करायचं होतंत, माझ्या बापाचा मांडव तरी वाचला असता."

तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्यानं नुसती मान हलवावी. ती घरी शिवणकाम करायची. ओठांत टाचण्या धरूनसुद्धा बोलायची, आणि गंमत म्हणजे गिऱ्हाइकाला सगळं कळायचंही. गवत्या दिवसभर गाडीच्या आवाजात, संध्याकाळी हिच्या. त्याची काही तक्रार नव्हती. एकुलती एक लेक लग्न होऊन लांब गेली, तेव्हापासून तर घरात आवाज म्हणजे हिचाच.

मग एका दुपारी शिवणमशीनवर बसल्या बसल्या तिला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शेजारीण आली तेव्हा सुई अर्ध्या शिवणीत अडकलेली होती आणि ही जमिनीवर.

गवत्याची इतक्या वर्षांची चाकरी म्हणून तिला त्याच दवाखान्यात खाट मिळाली. खालच्या वॉर्डातली शेवटची, खिडकीजवळची. लोक म्हणाले, नशीब बघा, येता-जाता बायको डोळ्यांसमोर. गवत्यालाही तसंच वाटलं. सुरुवातीला.

नंतर त्याला दिसायला लागलं. चमचा पुढे केला की ती ओठ मिटून घ्यायची. व्यायाम करवून घेणारी मुलगी डाव्या हातात रबरी चेंडू द्यायची, तर ती तो तळहातावर नुसता राहू द्यायची, मग चेंडू गडगडत खाटेखाली जायचा. तिला त्या मुलीनं डाव्या हातानं खुर्चीचं चाक कसं ढकलायचं, डाव्या पायानं जमीन कशी रेटायची, सगळं शिकवलं. शिकून घेतलं तिनं, केलं मात्र एकदाही नाही.

डॉक्टर म्हणाले, "डाव्या हातात ताकद आहे. इच्छा नाही."

"असं कसं?" गवत्या म्हणाला. "आळशी नाही हो ती. तिला ओळखत नाही तुम्ही."

डॉक्टरांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती त्याला मुळीच आवडली नाही. बाहेर येऊन त्यानं डॉक्टरांना मनातल्या मनात सणसणीत शिव्या घातल्या. या लोकांना माणूस म्हणजे हात आणि पाय. बरं होईल की हळूहळू. झटका आला, माणूस जरा रुसणार नाही का? असं स्वतःला समजावत तो दिवस ढकलत होता, आणि रात्री रिकाम्या घरात शिवणमशीनवरचं झाकण काढून पुन्हा घालत होता.

एक दिवस ती उन्हाला बसली असताना तो उतारावर गाडी चालवत होता, आणि त्याला वाटलं, तिचे डोळे गाडीबरोबर वर गेले. पुन्हा खाली आले. इतके दिवस भिंतीकडे लागलेले डोळे! झालं, गवत्याला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं वॉर्डातल्या मावशीच्या मागे लकडा लावला, की हिला उताराच्या अगदी समोर बसवा, तोंड माझ्याकडे करून.

मावशी म्हणाली, "काका, तुम्हीच तर सगळ्यांना सांगता ना, खाली माणूस नको म्हणून?"

"मी आहे ना बघायला. ती ज्या रेषेत आहे त्या पट्ट्याला आलो की हलवेन तिला."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण कुणाला दोष द्यायचा? बुडत्याला काडीचा आधार, आणि त्याची काडी होती तिच्या डोळ्यांची ती एवढीशी हालचाल.

दुसरी एक गोष्ट तो करायचा, ती कुणाला ठाऊकही नव्हती. गाडीची शेड तिच्या खिडकीच्या अगदी बाहेर होती. पहाटेपर्यंत तळमळून तिचा डोळा लागायचा तो सकाळीच. म्हणून तो गाडी शेडमध्ये सुरू करायचाच नाही. गाडीच्या मागच्या बाजूला, खाली, एक दांडी असते. ती बाहेर ओढली की चाकं इंजिनपासून सुटतात आणि गाडी हातानं ढकलता येते. ढकलून झाली की दांडी आत मारायची. ती खट् करून बसते, मग चाकं पुन्हा इंजिनच्या ताब्यात. गवत्या दांडी ओढायचा, घाम गाळत गाडी खिडकीपासून जरा लांब ढकलायचा, आणि दांडी आत बसवायचा.

त्या दिवशी खिडकी सताड उघडी होती. आतून तिचा घोरण्याचा बारीक आवाज येत होता. किती दिवसांनी अशी गाढ झोपली होती ती. गवत्यानं दांडीवर तळहात ठेवला आणि खट् आवाज होऊ नये म्हणून तिला हळूच, लाडानं आत सरकवली. खट् झालंच नाही. त्याला वाटलं, व्वा, काय सफाईनं बसवली.

आता काय म्हणावं या माणसाला.

दव वाळेपर्यंत त्यानं समोरचं सपाट गवत कापलं. तोवर मावशीनं बायकोला खुर्चीतून बाहेर आणलं, उतारासमोर ठेवलं, खुर्चीचा ब्रेक लावला. ब्रेक डावीकडचा तेवढाच. उजवीकडचा केव्हाच मोडलेला, दवाखान्याचीच खुर्ची ती. मावशीला वरच्या मजल्यावरून दुसऱ्या आजींना आणायचं होतं. "जा तुम्ही," गवत्या म्हणाला, "मी आहे." आणि तो उताराला लागला. पट्ट्यामागून पट्टा करत तिच्या समोरच्या पट्ट्याशी आला. इथं उतरून तिला बाजूला करायचं, असा त्याचा स्वतःचाच शब्द होता. पण तिचे डोळे गाडीवर होते. खरंच होते. आता हलवलं तर पुन्हा भिंतीकडे वळतील. एवढा एकच पट्टा, वर जायचं आणि वरूनच बाजूला व्हायचं. तो चढला.

टाकी अगदी जवळ आली आणि गाडीचा जोर गेला. इंजिन तर धडधडतंय, पण चाकं ऐकेनात. क्षणभर गाडी जागच्या जागी थबकली, आणि मग मागे यायला लागली. गवत्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. त्याच क्षणी त्याला सकाळची दांडी आठवली, न झालेला तो खट् आठवला. अर्धवट बसलेली दांडी हादऱ्यांनी सुटली होती.

दांडी होती गाडीच्या पाठीमागे. ती आत मारायची तर खाली उतरायला हवं. उतरायचं तर ब्रेकवरचा पाय काढायला हवा. ब्रेक दाबून अडकवायची एक कडी असते, पण ती झिजली होती, उतारावर धरत नव्हती. मुकादमाला सांगितलं होतं. मुकादम बघू म्हणाला होता. गवत्यानं तरी ती लावून पाहिली आणि पाय किंचित सैल केला. कडी निसटली, गाडी हातभर मागे गेली. त्यानं पुन्हा पाय रोवला, आणि मान वळवून मागे पाहिलं.

नाकासमोर सरळ खाली, वाटेवर, त्याची बायको बसली होती. तिच्या पाठीशी विटांची भिंत.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, म्हणतात ते हेच. उडी मारली तर हा वाचतो, ती जाते. चाक वळवलं तर गाडी आडवी होऊन याच्या अंगावर उलटते. आणि धरून बसायचं तर किती वेळ? त्याचा गुडघा आधीच कुरकुरत होता.

त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं, म्हणजे आवाज तरी पोचेल. आणि ओरडला. "मावशी. ओ मावशी. कुणीतरी या रे." पुन्हा पुन्हा ओरडला. पण या दवाखान्यात ओरडणं काही नवं नव्हतं. रोज कुणी ना कुणी ओरडतच असतं. वरच्या मजल्यावरची एक खिडकी कुणीतरी लावून घेतली.

मांडीत गोळा यायला लागला. पाय थरथरला की पायडल थरथरायचं आणि गाडी कण्हल्यासारखी हलायची. गवत्याला रडू फुटलं. मोठा माणूस, पांढऱ्या केसांचा, गवत कापायच्या गाडीवर बसून ढसाढसा रडत होता, आणि पाय मात्र रोवून होता.

मग त्याला सुचलं. तिचा डावा हात चालतो. डावा पायही. त्या पोरीनं शिकवलंय.

"अगं," तो मान वळवून म्हणाला, "ऐकतेस ना? गाडी सुटलीय. माझा पाय राहत नाहीये. ब्रेक काढ खुर्चीचा. डाव्या हाताशीच आहे. चाक ढकल, पाय रेट. दोन हात सरकलीस तरी बास."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिला सगळं समजत होतं, तिचं डोकं शाबूत होतं, यावर तर तो डॉक्टरांशी भांडला होता.

ती हलली नाही.

"अगं, ब्रेक. तो दांडा मागे ओढ. चटकन."

तिचा हात ब्रेकपासून वीतभर होता. तिनं तो उचलला. गवत्याच्या जीवात जीव आला. आणि तिनं तो मांडीवर, मेलेल्या उजव्या हातावर, नीट ठेवला. मग गाडीकडे बघत राहिली. त्याच्याकडे नाही, गाडीकडे. इतके दिवस बघत होती तशीच.

तेव्हा गवत्याला कळलं ती रोज काय बघत होती.

एवढे दिवस ज्या नजरेला त्यानं आशा म्हटलं, ज्या नजरेसाठी तिला स्वतः हट्टानं इथं आणून बसवलं, ती नजर ही होती. बाई वाट बघत होती. डॉक्टरांना दिसलं होतं, त्या पोरीला दिसलं असेल, मावशीला दिसलं असेल. फक्त नवऱ्याला दिसलं नाही.

"असं करू नको," तो म्हणाला. "तुझ्या पाया पडतो. असं करू नको ग. मी काय करू मग? घरी कुणाकडे जाऊ मी?"

ती बघत राहिली.

"भांड माझ्याशी. थुंक माझ्यावर. पण हल तिथून." मग तो चिडला. इतका, की जन्मात तिच्यावर एवढा चिडला नव्हता. "तुला काय वाटतं, तू सुटशील? आणि माझ्या हातून? माझ्या गाडीखाली? पुढचा सगळा जन्म मी ते घेऊन जगू? लाज नाही वाटत तुला?"

तिचे डोळे भरले. हात मांडीवरच राहिला. गवत्याचा पाय पायडलवरून थोडा घसरला, गाडी पुन्हा हातभर खाली आली. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा दाबून धरला. आता गुडघ्याखाली पाय आहे की नाही तेही त्याला समजत नव्हतं.

त्याचं रडणं थांबलं. एकदम शांत झाला तो. त्यानं गुडघ्यावरचे हात काढले, स्टिअरिंग धरलं, आणि पुढची चाकं वळतील तेवढी वळवली.

"बरं," तो म्हणाला. "तू नको हलू. मी आडवी घालतो. गवतपुराण पाठ आहे ना तुला? आडवी गेली की काय होतं?"

तिला पाठ होतं. वर्षानुवर्षं, रोज, ताटावर बसून ऐकलं होतं. तिनं ती वळलेली चाकं पाहिली, मग वर नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडातून आवाज निघाला. शब्द नव्हे. जनावर अडकल्यावर काढतं तसला. मांडीवरचा हात सुटला, ब्रेकवर आपटला, चुकला, पुन्हा आपटला. ब्रेक निघाला. तिनं चाकाला हात घातला. खुर्ची हलेना. तिनं डावा पाय जमिनीला लावला आणि रेटला, चेहरा वेडावाकडा होईपर्यंत रेटला. खुर्ची अर्धी गोल फिरली, थबकली. "अजून," गवत्या ओरडला, "अजून थोडं, अगं माझी बाई, अजून." तिनं पुन्हा रेटलं. खुर्ची वाट सोडून कडेच्या मातीत गेली, एक चाक रुतलं आणि ती एका अंगाला कलली.

गवत्यानं चाकं सरळ केली आणि स्वतःला बाजूला गवतात फेकून दिलं. गाडी त्याच्या कानाजवळून गेली. उतारभर उड्या मारत ती सरळ खाली गेली, वाटेवर आपटली आणि बायको जिथं बसली होती बरोबर तिथं भिंतीत घुसली. विटा पडल्या. मग सगळं शांत झालं.

त्याला उभं राहता येईना. तो बसून, घसरत, हातांवर रांगत खाली आला. खुर्ची सरळ केली. त्यानं बायकोच्या चेहऱ्यावर उडालेली विटांची धूळ पुसायला हात नेला, तर तिनं त्याच्या थोबाडीत मारली. डाव्या हातानं, ताकदीनं. पुन्हा मारली. तो खाऊन घेत होता. तिसऱ्यांदा तिचा हात उचललाच गेला नाही, गळून पडला, आणि तिनं मान फिरवली. भिंतीकडे.

धडाक्याच्या आवाजानं माणसं धावत आली. मावशी सगळ्यांत पुढे. भिंत बघून तिनं कपाळावर हात मारला, मग खुर्चीची मातीतली खूण पाहिली आणि तिच्या लक्षात आलं.

"बाईंनी स्वतः खुर्ची हलवली?" ती सगळ्यांना दाखवत म्हणाली. "बघा. आम्ही म्हणत होतो ना, मनात आणलं तर करतील. वेळ आली की जीव प्यारा असतो हो माणसाला."

सिस्टर हसल्या, कुणीतरी देवाचे आभार मानले. व्यायामवाली मुलगी तर रडायलाच लागली आनंदानं. आता सुधारतील भराभर, म्हणाली. गवत्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून सगळ्यांकडे पाहत होता. त्यानं मान हलवली. हो म्हणाला. कुणाला काय सांगणार? ती त्याच्यासाठी हलली होती. स्वतःसाठी हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि ते बघणारा तो एकटाच होता.

"चला काका, आत नेते त्यांना," मावशी म्हणाली. "दमल्यात."

खुर्ची पुढे जाईना. मावशीनं वाकून पाहिलं. गवत्यानं दोन्ही हातांनी चाक धरून ठेवलं होतं, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"अहो, हात काढा," ती हसून म्हणाली. "झालं ते झालं. टळलं आता."

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती अजून भिंतीकडेच बघत होती.

"काका, सोडा ना," मावशी म्हणाली.

त्याला सोडता येईना.